भट्टीमामांसाठी पेटवण

साबणाच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचे म्हणून गल्लीतले सगळे त्यांना भट्टीमामा म्हणायचे, आणि त्या नात्याने त्यांची बायको सगळ्यांची मामी. मामांचा उभा जन्म विस्तवापुढे गेला. चरबी आणि तेल ज्या वाफेवर शिजायचं ती वाफ मामांच्या हातची. त्यांच्या पाळीत भट्टी कधी थंड पडली नाही, हे ते स्वतः तर सांगायचेच, पण ज्यांचं त्यांच्याशी पटत नव्हतं तेही सांगायचे.

घरीसुद्धा विस्तव त्यांचाच. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधल्या भिंतीला लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. थंडीच्या दिवसांत मामी डोळे उघडायच्या आत शेगडी धगधगत असायची. मामा फळकुटाच्या काटक्या चाकूने अशा सोलायचे की प्रत्येकीला कुरळे पापुद्रे सुटायचे. त्या एकमेकींवर उभ्या रचायच्या, खाली कागदाचा बोळा आणि एकच काडी. दुसरी काडी ओढायची वेळ आली तर दिवसभर तोंड पाडून बसायचे.

"अहो, काडेपेटी काय सोन्याची आहे?" मामी म्हणायची.

"काडीचं काय घेऊन बसलीस? इज्जतीचा प्रश्न आहे."

कामावरून निवृत्त झाल्यावर पहिल्याच थंडीत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. पाय ओढत घरातल्या घरात फिरायचे. मामीला घरी बसून चालण्यासारखं नव्हतं. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती आणि उजाडायच्या आत तिला घर सोडावं लागायचं. निघण्याआधी ती शेगडी पेटवून जायची, पण लाकडं तासा-दोन तासांत संपायची आणि मग खोली गारठून जायची.

एक दिवस ती दुपारी परतली तर मामा शेगडीपुढे जमिनीवर बसलेले. अंगात कोट, डोक्याला मफलर. आजूबाजूला मोडलेल्या काड्यांचा सडा. चाकू लांब भिरकावलेला, आणि एका काटकीवर डाव्या हाताने ओढलेले वेडेवाकडे ओरखडे. मामी खाली बसली, तिने कागद कोंबला, काटक्या लावल्या, काडी ओढली. शेगडी पेटली. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"राहू दे आता," ते म्हणाले. "माझ्याने व्हायचं नाही ते."

त्या दिवसापासून त्यांनी हायच खाल्ली. जेवायला बोलावलं तर जेवायचे, नाहीतर नाही. लेक लांबच्या शहरात, तिचा फोन आला की "बरा आहे" एवढंच म्हणून फोन मामीच्या हातात द्यायचे. घरात माणूस असून घर रिकामं वाटायला लागलं.

मामीला मार्ग सुचला तो लाँड्रीत. तिथल्या मोठ्या ड्रायरना आतून जाळी असते आणि चादरी, टॉवेल सुकताना त्यांच्यातून झडणारी लव त्या जाळीवर साचते, अगदी पिंजलेल्या कापसासारखी, करडी आणि मऊ. प्रत्येक पाळीनंतर ती काढायचीच, असा तिथला कडक नियम. मुकादमीण रोज कानीकपाळी ओरडायची, "जाळ्या साफ करा गं बायांनो, एक ठिणगी पडली तर इस्पितळाची होळी होईल!" इतकी वर्षं हे वाक्य मामीच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून जात होतं. त्या दिवशी मात्र ते डोक्यात अडकून बसलं. तिने कचऱ्यात जाणारी लव पिशवीत भरली आणि घरी आणली.

पहिल्यांदा नुसती लवच पेटवून पाहिली. भुर्रकन जळाली आणि लाकडाला साधी आचही लागली नाही. दुसऱ्यांदा आणली ती ब्लँकेटची निघाली. ती जळाली कुठली, वितळली, काळे थेंब गळायला लागले आणि अशी घाण सुटली की खालच्या मजल्यावरचे घड्याळजी जिन्यातून ओरडले, "मामी, चप्पल शिजायला घातलीत का?" तेव्हापासून ती फक्त सुती चादरींची लव वेगळी काढायला लागली.

मग मेण. शेजारची मुलगी हॉटेलात वाढपाचं काम करायची. तिथे रोज टेबलांवर मेणबत्त्या लागायच्या आणि उरलेले बुटके तुकडे फेकले जायचे. ते ती रुमालात बांधून आणायला लागली. इस्पितळाच्या कँटीनमधून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मिळाले. लाकडाचा भुसा सुताराकडे ढिगाने पडलेला असायचा. मामीने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात डबा उभा केला आणि डब्यात मेणाचे तुकडे. पहिल्या खेपेला डबा तिने थेट आचेवरच ठेवला होता आणि मेण भडकता भडकता राहिलं होतं, ती चूक तिने परत केली नाही. ट्रेच्या प्रत्येक खळग्यात लव दाबायची, वर चिमूटभर भुसा आणि मग हळूहळू मेणाची धार. थंड झालं की कात्रीने एकेक खळगा कापून वेगळा करायचा. पुठ्ठ्याचं एक टोक मुद्दाम वर ठेवायचं, काडी लावायला.

मामा पलंगावरून नुसते बघत होते.

"काय चाललंय तुझं?"

"पेटवण करतेय. याला ना काटक्या सोलायला लागत, ना कागद. दोन लाकडांच्या मध्ये ठेवायचं आणि टोकाला काडी लावायची. चांगलं दहा-बारा मिनिटं जळतं."

"ही काय आग झाली? पोरखेळ."

दुसऱ्या दिवशी जाताना मामीने लाकडं शेगडीत रचून ठेवली, पेटवणाच्या वड्या बशीत काढून शेगडीजवळ ठेवल्या, शेजारी काडेपेटी. असं तिने बरेच दिवस केलं आणि बरेच दिवस वड्या तशाच राहिल्या. मग एका दुपारी ती जिना चढून दाराशी आली आणि दाराच्या फटीतून ऊब आली. मामा शेगडीसमोर खुर्चीत बसले होते. काडेपेटी गुडघ्यांत धरून डाव्या हाताने काडी ओढली होती म्हणे.

"एकाच काडीत," ते म्हणाले, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

मामी स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडली.

ती थंडी बरी गेली. मामांनी पेटवणाचं काम अंगावर घेतलं. डाव्या हाताने लव दाबायची, भुसा पेरायचा, मेण ओतताना मामीला सूचना द्यायच्या, "अगं हळू, वरून ओतू नकोस, कडेने सोड." सुताराचा भुसा फार बारीक आहे म्हणून त्याला निरोप गेला. गल्लीत कुणाची शेगडी पेटत नसेल तर मामांच्या वड्या जायला लागल्या. हॉटेलातली मुलगी सगळ्यांना सांगायची, "मामांची फॅक्टरी जोरात आहे."

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला घड्याळजी वर चहाला आले. मामी चहा गाळत होती. मामांनी उठून पाहुण्यासमोर बशी ठेवली. "घ्या, केक घ्या. घरचा आहे." घड्याळजींचा चष्मा नाकावर घसरलेला, त्यांनी वडी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि मेणाचा वास येताच थबकले. मग तिघंही हसले. घड्याळजी तर डोळे पुसेपर्यंत हसले. मामाही हसत होते, पण बाकीचे हसतायत म्हणून हसत होते. मामीने ते पाहिलं आणि बशी उचलून आत नेली.

त्यानंतर एकेक गोष्ट सुटत गेली. चष्मा साखरेच्या डब्यात सापडायचा. लेकीचा फोन आला तर "कोण हवंय आपल्याला?" म्हणायचे. मामी मनाची समजूत घालायची, वय झालंय, होतं असं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की मेंदूला लहान लहान झटके बसतायत आणि हे उतरणीला लागलेलं गाडं आहे.

आणि मग एका सकाळी मामी कामावर निघताना मामा पलंगावर उठून बसले, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बाई, जाताना दार ओढून घ्या हं. वारं येतंय."

सगळ्या संसारात ते तिला 'अगं' म्हणत आले होते. रागावले तरी 'अगं', लाडात आले तरी 'अगं'. हे 'घ्या' तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. ती दार ओढून जिन्यात उभी राहिली. बस चुकली, मुकादमिणीची बोलणी खावी लागली.

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू काम सोड आणि त्यांना घेऊन इकडे ये."

"तुझ्या एका खोलीत? आणि त्यांना इथलीच खोली ओळखीची राहिली आहे गं. तीही गेली तर काय उरेल?"

लेकीने हळूच फोन ठेवला.

आग लागली ती भर दुपारी. मामा पलंगाखाली वड्या रचून बसले होते. पाळी सुरू झाली, भट्टी लावायची आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एकच काडी ओढली असणार. गादी धुमसायला लागली. घड्याळजींना छतातून वास आला, त्यांनी वर धाव घेतली आणि खांद्याने दार फोडलं. मामा धुरात शांत उभे होते. "वाफ धरते आहे," ते घड्याळजींना म्हणाले. "धीर धरा."

गादी गेली, भिंत काळी झाली, माणसं वाचली. पण सगळ्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळजी मनाने चांगले, त्यांनी आवाज चढवला नाही. "मामी, माझी म्हातारी आई खाली अंथरुणाला खिळलेली असते," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामीने घरातल्या सगळ्या काडेपेट्या उचलल्या. वड्या शेजारच्या मुलीकडे ठेवायला दिल्या, शेगडीच्या दाराला कुलूप घातलं. आता जाताना शेगडी पेटवली की ती विझेपर्यंत ऊब, पुढे गारठा. मामा कुलपाला हात लावून बघायचे. खोलीचं दार तेव्हा आतून उघडता यायचं, म्हणून ते खाली उतरायचे आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे, "काडी आहे का हो? एकच हवी." ओळखीचे लोक खाली बघून पुढे जायचे. अनोळखी लोकांना ते भिकारी वाटायचे. ज्या माणसाच्या काडीवर अख्खा कारखाना चालला, तो माणूस रस्त्यावर एका काडीसाठी हात पसरतोय, हे मामीच्या कानावर आलं आणि तिने बाहेरूनही कुलूप घालायला सुरुवात केली. रोज सकाळी किल्ली फिरवताना तिला वाटायचं, आपण नवऱ्याला कोंडत नाही, पुरतोय.

सुट्टीच्या एका दिवशी तिला राहवलं नाही. मामा सकाळपासून शेगडीच्या कुलपाशी बसले होते, नखांनी कडी खाजवत. मामीने कुलूप काढलं. शेजारून एक वडी मागून आणली, लाकडं रचली आणि काडेपेटी त्यांच्या हातात दिली.

"लावा," ती म्हणाली.

मामांनी पेटी गुडघ्यांत धरली. त्यांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला, पाळीवरचा. वडी कुठे ठेवायची ते त्यांनी नीट बघितलं, लाकूड जरा सरकवलं, वाऱ्याला जागा केली. काडी ओढली, टोकाला लावली. ज्योत आधी निळी, मग पिवळी झाली, लाकडाच्या अंगावर चढली. मामा मागे वळले. डोळ्यांत शेगडीचा उजेड होता.

"बाई, वर साहेबांना कळवा. भट्टी लागली म्हणावं."

"कळवते," मामी म्हणाली.

तिने काडेपेटी परत घेतली. पण जुना भट्टीवाला नेहमी दोन-चार काड्या वेगळ्या, कोरड्या ठेवतो, ती सवय हातात मुरलेली. त्यांनी काही काड्या कधी काढून पायमोज्यात सरकवल्या, ते तिला कळलं नाही. शेजारच्या मुलीने बाकीच्या वड्या पायरीवर, पिशवीत ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक मामांनी त्याच दिवशी केव्हातरी उचलली असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातल्या अपघात विभागातून लाँड्रीत बोलावणं आलं. मामी आतल्या जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढत तिथे पोचली. मामांनी या खेपेला घर पेटवलं नव्हतं. शेगडीला कुलूप होतं, तर त्यांनी वडी आपल्या डाव्या तळहातावर ठेवली होती आणि कुठेही घासली तरी पेटणारी ती काडी दातांत धरून भिंतीवर ओढली होती. जळतं मेण कातडीला चिकटतं, झटकलं तरी सुटत नाही. त्यांनी ते झटकलंच नव्हतं म्हणे. मामांचं ओरडणं ऐकून घड्याळजींनी पुन्हा दार फोडलं तेव्हा मामा हात समोर धरून उभे होते, जसा कुणाला उजेड दाखवावा तसा.

एवढा एकच हात उरला होता. तोही आता जाड पट्टीत गुंडाळलेला.

डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली नाही. शहराच्या टोकाला अशा माणसांचं एक केंद्र होतं, तिथे जागा मिळाली. लांबलचक ओसरी, ओळीने खाटा, भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. तिथे विस्तव कुठेच नव्हता. लेक येऊन दोन दिवस राहिली, वडिलांच्या खाटेशी बसली, "बाबा, मी आलेय," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि रडत परत गेली.

मामी दर सुट्टीला जायची. मामा तिच्याशी आदराने बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसं. कधी नळीवर कान ठेवून बसलेले असायचे. म्हणायचे, "दाब कमी आहे. इथला भट्टीवाला झोपा काढतो." एकदा त्यांनी तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि विचारलं, "बाई, तुमचे मालक काय करतात?"

"भट्टीवर असतात. साबणाच्या कारखान्यात."

"अरे वा. म्हणजे आमच्यातलेच." मामा खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना सांभाळा हो. वाईट काम आहे. आमची ही... आमची ही येतच नाही बघा. फार दिवस झाले. रागावलीय का काय, कळत नाही."

"येईल," मामी म्हणाली. "कामात असेल."

"तुम्हाला दिसली तर सांगाल?"

"सांगेन."

त्यानंतर मामीचं जाणं कमी झालं. आधी एक सुट्टी चुकली, मग दोन. ती लेकीला सांगायची, अंगात कणकण आहे, बस वेळेवर मिळत नाही. खरं कारण वेगळं होतं. तिथे गेलं की मामा त्यांच्या 'ही'ची वाट बघत असायचे, आणि समोर बसलेली ही बाई ती नव्हती. हे दर वेळी नव्याने सोसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. लाँड्रीत ड्रायरच्या जाळीवरची लव ती आता कचऱ्याच्या पिंपात टाकायची, बाकीच्या बायकांसारखी. घरी शेगडी थंड ठेवून अंगावर दोन पांघरुणं घेऊन झोपायची. हॉटेलातल्या मुलीने मेणाचे तुकडे आणून दिले तर म्हणाली, "नको गं. आता कुणासाठी?"

थंडी ओसरता ओसरता केंद्रातून लाँड्रीच्या ऑफिसात फोन आला. मामी तेव्हा मैत्रिणीबरोबर चादरीच्या घड्या घालत होती. चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, मागे सरून ताण द्यायचा आणि मग एकमेकींकडे चालत यायचं, असं ते काम. मुकादमीण दारात येऊन उभी राहिली. रोज ओरडणाऱ्या त्या बाईला तोंड उघडता येईना, त्यावरूनच मामीला कळलं.

"पहाटे गेले," मुकादमीण शेवटी म्हणाली. "झोपेतच."

मामीने टोकं सोडली नाहीत. समोरची मैत्रीण हातातली चादर ताणून तशीच रडत उभी होती.

"ये ना गं पुढे," मामी तिला म्हणाली. "जमिनीला लागेल ती."

मैत्रीण चालत पुढे आली आणि तिने आपली टोकं मामीच्या हातात दिली.